'झोर्ग'ला मराठीत काय म्हणाल? काळजी की चिंता?

नाशिकच्या गंगापूर रोडला आम्ही सहा-सात जण दर रविवारी सकाळी जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर वाचतो. त्याच्या १९२७ सालच्या 'झाइन उंड त्साइट' (असणं आणि काळ) या ग्रंथाच्या ४१व्या परिच्छेदाशी गाडं अडलंय. माणसाचं असणं एका शब्दात सांगायचं तर तो शब्द 'झोर्ग', असं तिथे येतं. इंग्रजीत 'केअर' करून मोकळे झालेत. आमच्यात मात्र दोन तट पडले. संस्कृतवाल्यांना 'चिंता' हवंय, माझं मत 'काळजी'ला. तुम्ही काय म्हणाल?

प्रतिसाद: चिंताच. 'काळजी' फार घरगुती वाटतं. ग्रंथात शोभणार नाही.

प्रतिसाद: घरगुती आहे हेच तर हवं. हा गृहस्थ हातोडीवरून तत्त्वज्ञान सांगतो, आपण कशाला सोवळं नेसायचं? शिवाय 'चिंता' चिंतनाच्या घरची, म्हणजे डोक्यातली. झोर्ग ही मनाची अवस्था नाही, हे तो स्वतःच बजावतो. बेफिकीर माणूससुद्धा त्याच्या लेखी झोर्गमध्येच असतो.

मूळ प्रश्नकर्ता: माझा मुद्दा व्याकरणाचा आहे. मुलगा पुण्याला निघाला की आई म्हणते, "काळजी घे, माझी काळजी करू नकोस." नाम एकच, क्रियापद बदललं की अर्थ फिरला. घेतली तर जपणूक, केली तर जिवाला घोर. जर्मनमध्येही हेच दुपेडीपण आहे, आणि ४२व्या परिच्छेदात लॅटिन 'कुरा'च्या अशाच दोन अर्थांकडे हायडेगर बोट दाखवतो. 'चिंता घे' कुणी म्हणतं का? 'चिंता'ला एकच पेड.

प्रतिसाद: मान्य. पण मग 'बेझोर्गेन' आणि 'फ्यूरझोर्ग'चं काय? पहिलं वस्तूंशी, कामाशी, दुसरं माणसांशी. दोन्हीकडे मुळात झोर्ग दिसतो. मराठीत 'निगा' आणि 'देखभाल' केलं तर धागाच तुटतो.

प्रतिसाद: मी गटातला द्राक्षवाला, दिंडोरीकडचा. आम्ही 'बघणे' म्हणतो. "बागेचं कोण बघतं?" आणि "म्हातारीचं कोण बघतं?" क्रियापद एकच. धागा नाही, पण जोडी तरी जमते. आणि झोर्गच्या व्याख्येतलं ते 'स्वतःच्या पुढे असणं' तुम्हाला तीन रविवार कळलं नाही, मला पहिल्या वाचनात कळलं. ऑक्टोबरात छाटणी झाली, वेलीला कोवळा पोंगा फुटला आणि आभाळ आलं, की मी बांधावर उभा असतो पण असतो फेब्रुवारीत, व्यापाऱ्यासमोर. पानाखाली डावणी रोगाचा डाग आहे का ते बोटाने उलटून बघतो तेव्हा ती चिंता नसते. चिंता रात्री. पान उलटणं ही काळजी.

मूळ प्रश्नकर्ता: हे रविवारी का नाही बोललात!

प्रतिसाद: 'काळीज'वरून 'काळजी' असंही कुणीतरी आता सांगेल. कानाला गोड लागतं, पण कानावर व्युत्पत्ती ठरत नाही. त्यापेक्षा ४२व्या परिच्छेदातली ती कुरादेवीची गोष्ट पुढच्या वेळी गोदाकाठी बसून वाचा. नदी ओलांडताना कुराला चिकणमाती दिसते, ती आकार घडवते, ज्युपिटर त्यात प्राण घालतो. मग नाव कुणाचं द्यायचं यावर भांडण. शनी निवाडा देतो: मेल्यावर प्राण ज्युपिटरचा, देह भूमीचा, जिवंत आहे तोवर मात्र तो कुराच्या ताब्यात.

प्रतिसाद: म्हणजे "पोरीचं लग्न झालं, काळजी मिटली" हे हायडेगरला चालणार नाही. बरं, मी 'चिंता' मागे घेतो. 'बेझोर्गेन'साठी 'बघणे' मात्र पटत नाही. त्यात डोळा फार येतो, हात कमी. 'तजवीज' कसं वाटतं?

द्राक्षवाला: तजवीजवर सावकाश बोलू. ढग आलेत, फवारणी काढलीय, या रविवारी येत नाही. काळजी नसावी.