मदत हवी आहे: ४१ माणसांचा घरचा फोटो, आणि या वेळी आजी त्यात हवी

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आजीची सहस्रचंद्रदर्शन शांत आहे, गुहागरजवळच्या आमच्या मूळ घरी. आजीला ८१ वं चालू आहे. माणसं ४१, त्यातली पाच वर्षांखालची सहा. सगळ्यांचा मिळून एक नीट फोटो काढायचा ठरलंय आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. (घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी नुसतं "काढूया की" म्हणाले होते. एवढाच गुन्हा.)

थोडी पार्श्वभूमी. आमच्या माजघरात १९७४ चा एक फोटो आहे. पडवीच्या पायऱ्यांवर २३ माणसं. पणजोबा खुर्चीत, आजोबा मागे उभे, बाबा सगळ्यांत पुढे मांडी घालून. चिपळूणहून फोटोग्राफर आला होता आणि त्याला परतीची एस्टी गाठायची होती. त्या फोटोत आजी नाही. पुरुषांची पंगत उठली होती, बायकांची बसायची होती, आजी आत वाढपाच्या गडबडीत. तिला हाक मारली होती असं सगळे सांगतात. आजी म्हणते, हाक आलीच नाही. पन्नास वर्षं हा वाद हसत हसत चालू आहे, पण चालू आहे. तेव्हा या वेळी बाकी काही चुकलं तरी चालेल, हे चुकायला नको.

आता अडचणी. मोठे काका म्हणतात, फोटो सकाळी अकराला, होम झाल्या झाल्या, कारण तेव्हा सगळे नेसलेले-सजलेले असतात. नंतर पंगती, मग जो तो आडवा होणार आणि पैठण्या जाऊन गाऊन येणार. मुंबईची मंडळी रात्रीच्या कोकणकन्येने परत जातील, म्हणजे दुपार मोकळी आहे. घर पूर्वेला तोंड करून आहे. अंगणात मांडव आहे, पोफळीचे खांब आणि वर झापांऐवजी ती हिरवी जाळी.

कपड्यांवरून तर दोन तट पडलेत. चुलतभावंडांना सगळ्यांना सारखे पांढरे टीशर्ट हवेत, पाठीवर आडनाव छापलेले. (पाठीवर! फोटोत!) आजीने एकाच वाक्यात निकाल दिला, "शांतीला पांढरं? मी काय गेले का?" आता पुढे काय सुचवू?

शिवाय धाकटी आत्या. तिचे यजमान गेल्यापासून ती प्रत्येक फोटोत आपण होऊन मागच्या रांगेत कडेला जाते. कुणी तिला जा म्हणत नाही, पण ये असंही कुणी म्हणत नाही. आणि एक चुलतभाऊ न्यू जर्सीहून येऊ शकत नाही, तो म्हणतो मला नंतर चिकटवा.

अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

लग्नाचे फोटो काढतो, त्यामुळे बोलायचा अधिकार आहे असं समजतो.

अकरा वाजता अजिबात नको. पूर्वेकडे तोंड म्हणजे पायऱ्यांवर बसलेल्यांच्या डोळ्यांत ऊन, सगळे डोळे बारीक करणार. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. चार वाजता तो घराच्या मागे गेलेला असतो आणि घराचीच सावली अंगणात पडते. समोर मोकळं आभाळ, उजेड मऊ, कुणाच्या नाकाची सावली ओठावर नाही. सव्वाचार ते पावणेपाच ही तुमची वेळ.

खरा घोटाळा मांडवाचा आहे. हिरव्या जाळीखाली गोरा-सावळा प्रत्येक माणूस आजारी दिसतो. तो हिरवा रंग नंतर संगणकावर पूर्ण निघत नाही, कारण चेहऱ्याच्या एका बाजूला जास्त असतो आणि दुसऱ्या बाजूला कमी. झाप असते तर चेहऱ्यांवर उन्हाचे कवडसे पडले असते, तेही वाईटच. पायऱ्यांसमोरची जाळी त्या दिवशी दुपारी गुंडाळून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण गड्याला आदल्या दिवशी सांगा.

रांगा चार करा: मुलं खाली सतरंजीवर, मग खुर्च्या, मग उभे, मग पायऱ्यांवर. फोटोग्राफरला स्टुलावर किंवा शिडीवर चढवा, म्हणजे मागचे चेहरे पुढच्यांच्या अंबाड्याआड जात नाहीत. फार रुंद भिंग वापरायचं नाही, कडेची माणसं आडवी ताणली जातात आणि नेमक्या कडेला जाड माणसंच उभी असतात. जागा असेल तर मागे सरकायचं.

कपडे: सारखा रंग नको, जुळणारे तीन-चार रंग द्या. मोरपंखी, मरून, हळदी, गर्द हिरवा. आजीचं लुगडं आधी ठरवा आणि बाकीच्यांना त्याला धरून सांगा. बारीक चौकडीचे शर्ट टाळा, कॅमेऱ्यात त्यावर लाटा उमटतात.

प्रतिसाद

डोळे मिटण्याबद्दल एक गंमत. निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी याचं चक्क गणित मांडलं आणि २००६ चं गणितातलं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीदार बक्षीस) मिळवलं. माणसं २० च्या आत असतील तर चांगल्या उजेडात संख्येला ३ ने भागायचं, कमी उजेडात २ ने. तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची जवळजवळ खात्री. पन्नाशी गाठली की आशाच सोडायची. तुम्ही ४१ म्हणजे उंबरठ्यावर आहात. सरळ तीसेक फोटो घ्या आणि कॅमेरा स्टँडवरून हलवू नका, म्हणजे एका फोटोतले उघडे डोळे दुसऱ्यात बसवता येतात.

न्यू जर्सीवाल्याला सांगा, दिवसा सावलीत उभा राहून, कॅमेरा त्याच उंचीवर ठेवून फोटो पाठव. त्याच्या आईवडिलांच्या शेजारी एका माणसाची जागा सोडा. खोलीत फ्लॅश मारून काढलेला पाठवला तर तो भूत दिसेल.

प्रतिसाद

वरच्या दोघांनी उजेडाचं सांगितलं, मी चुलीचं सांगते. आचारी सांगितलाय का? सांगितला असेल तरी सव्वाचारला चहा कोण करणार? हीच ती वेळ आहे, ताई. ४१ माणसांचा चहा म्हणजे तीन बायका आत. "तुम्ही बसा, आम्ही आलोच" म्हणणाऱ्या त्याच, आणि फोटोत नसणाऱ्याही त्याच. आमच्याकडे सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला मी आणि जाऊ अशाच राहिलो. चहा फोटोनंतर असं आदल्या रात्री जाहीर करा आणि गॅस बंद करून लायटर स्वतःच्या कनवटीला लावा. गंमत करत नाहीये.

आत्याबद्दल: सगळ्यांसमोर "तू पुढे ये" म्हणू नका, अवघडेल. आधीच तिच्यावर काम टाका. आजीचा चष्मा, पदर, औषध बघायला तू तिच्या शेजारच्या खुर्चीत बस, असं. काम दिलं की आमच्या पिढीतल्या बायका हलत नाहीत.

प्रतिसाद

+१ लायटरला. मुलांना शेवटी आणा, सगळे बसल्यावर. आणि झोप झालेली हवी. बिस्किट हातात नको, पेढाही नको.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्य छान पार पडलं, म्हणून कळवतेय.

जाळी गुंडाळली. मोठे काका अकरालाच अडून बसले होते, म्हणून अकराला एक फोटो काढला आणि लगेच दाखवला. पुढे काही बोलले नाहीत. आजी हिरव्या इरकलीत, तिला धरून बाकीचे. पांढऱ्या टीशर्टवाल्यांनी रात्री समुद्रावर आपला वेगळा फोटो काढला. लायटर माझ्याकडे होता आणि चहाची पातेली कोरडी होती, तरीही सव्वाचारला मोजले तर ३९. एक काकू आत नारळ खवत होती, "नुसता बसून वेळ जाईना" म्हणून. दुसरा चुलतभाऊ, तो आंघोळीला.

आत्या आजीच्या डाव्या हाताला बसली. चष्म्याची डबी मांडीवर, फोटोतही दिसते.

एकूण ३४ फोटो. निम्म्यांत आजी कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये, मान वळवून दाराकडे बघतेय. फोटोग्राफर तिला "आजी, इकडे" म्हणाला, तर तिने त्यालाच विचारलं, "आत कुणी राहिलं नाही ना?"

आता घरात नवा वाद आहे. मला तो दाराकडे बघणारा फोटो लावायचा आहे, बाबांना सगळे समोर बघणारा. फोटोग्राफरकडून मूळ फाइल आली आहे, ६००० बाय ४००० ची. १९७४ च्या फोटोशेजारी लावायचा तर केवढा छापावा, म्हणजे ४१ चेहरे ओळखू येतील?

प्रतिसाद

१८ बाय १२ इंच निर्धास्त छापा, इंचाला ३०० ठिपक्यांच्या वर बसतो. चकचकीत कागद नको, मॅट घ्या, माजघरात खिडकीचा उजेड काचेवर येतो. आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने नावं लिहून ठेवा, रांगेप्रमाणे. १९७४ च्या फोटोमागे कुणी लिहिली होती का?

धागाकर्ती

नाही. तेविसातल्या तिघांची नावं आता फक्त आजीला माहीत आहेत. उद्या फोन करते तिला.