वेळ मिळत नाही की मी काढत नाही?

सहा महिने झाले, रोज रात्री व्यायामाचे बूट दाराशी काढून ठेवते आणि सकाळी गजर बंद करून पुन्हा झोपते. कधी पाठ दुखते, कधी मुलाची परीक्षा. काल दोन जिने चढून धाप लागली, कठडा धरून उभी राहिले. कुठून सुरुवात करू?

उत्तर १: एकदम तासभर काढायला जाऊ नका, तिथेच सगळं बारगळतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. भरभर चालणंही त्यात आलं, दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात.

उत्तर २: गजर लावून फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, म्हणजे बंद करायला उठावंच लागतं; मी तेच केलं. पाठदुखी मात्र सबब समजू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्नकर्ती: फोन आत्ताच स्वयंपाकघरात ठेवला. उद्या दहा मिनिटं, नक्की.