ससाण्याला पांढरंच कबूतर का दिसतं?

पेठेतली_ढाबळ: राम राम मंडळी. शिवाजी पेठेत वडिलांपासून गच्चीवर कबुतरांची ढाबळ आहे, सध्या चाळीसेक पाखरं. दिवाळी झाली की एक बहिरी ससाणा बाजूच्या मोबाईल टॉवरवर मुक्कामाला येतोय. काल सकाळी सातला पाखरं सोडली, दोन फेऱ्या झाल्या आणि वरनं धोंडा पडावा तसा आला. थवा फुटला, आणि माझी पांढरी मादी घेऊन गेला. तीन हजाराची! गेल्या साली पण पांढरंच. जुनी माणसं म्हणतात, पांढरं लांबनं दिसतं, उडवूच नये. चाळीसातनं नेमकं एक तो हेरतो कसं? पांढरी सगळी विकून टाकू का?

रंकाळ्याचा_बगळा: दादा, विकायची घाई नको. थवा घट्ट असला की ससाण्याची नजर एकावर ठरत नाही, लगेच दुसरं आडवं येतं. म्हणून तो आधी फूट पाडतो, मग कडेचं धरतो. वेगळ्या रंगाचं नजरेत धरून ठेवणं सोपं, तेवढ्यापुरतं म्हाताऱ्यांचं खरं. पण कॅलिफोर्नियात डेव्हिसला सात वर्षं बहिरीचे हल्ले मोजले होते, 2005 साली छापून आलं. कमरेवर पांढरा पट्टा असलेली कबुतरं उलट फारच कमी सापडली! झडप चुकवताना पाखरू गिरकी घेतं, तेव्हा पट्टा चमकतो आणि ससाणा चकतो, असा त्यांचा कयास. पट्ट्याच्या जागी दुसऱ्या रंगाची पिसं लावली, तर तो फायदा गेला. म्हणजे पांढरं कुठं आहे, यावर पण आहे.

दाजीपूरवाट: आमच्याकडं रानकुत्र्यांचं तेच. कळपावर थेट तुटून पडत नाहीत. आधी नुसतं पळवतात. पळताना कोण लंगडतंय, कोणाचं वासरू मागं पडतंय, ते दिसतं की मग बाकीच्यांकडं बघत पण नाहीत. गव्याचा जवान नर उभा राहिला तर गुमान वाट बदलतात.

शंकेखोर_काका: राखाडी गेलं की माणूस दोन दिवसांत विसरतो, पांढरं गेलं की वर्षभर सांगत बसतो. वही ठेवता का? इंग्लंडात पाळीव गोशॉक (ससाण्यासारखाच शिकारी पक्षी) रानकबुतरांवर सोडून पाहिला होता, 1978 चं काम. एकट्या पाखरावर बहुतेकदा यश, पन्नासाच्या वरच्या थव्यावर क्वचितच. एवढ्या डोळ्यांतलं कुठलंतरी त्याला लांबनंच बघतंय. पांढऱ्याचं सोडा, एकटं कोण होतं ते शोधा.

पेठेतली_ढाबळ: काका, वही आहे, पण दाणं आणि उधारी लिहायला. तरी रात्री बसून बायकोला विचारत आठवलं. दोन हंगामांत सात गेली. पांढरी तीन. बाकीची चार: दोन पिल्लं पहिल्यांदाच उडालेली, एक नर पिसं झडत असलेला, आणि एकीची शेपूट मांजरानं ओढलेली, नीट वळता येत नव्हतं. राहिली पांढरी. तिन्ही बाजारातनं आणलेली, एकही घरची पैदास नाही. कालची तर पंधरा दिवसांची पाहुणी, थव्याबाहेर वेगळीच घिरट्या घालत होती आणि मीच कौतुकानं बघत उभा होतो. माझी जुनी पांढरी जोडी सहा वर्षं त्याच आभाळात उडतीय, हे लिहिताना ध्यानात आलं.

विकत नाही. नवी पाखरं आता महिनाभर जाळीतच, आणि टॉवर रिकामा बघून मगच दार उघडायचं.

दाजीपूरवाट: टॉवर रिकामा दिसला म्हणून फसू नका दादा. तो वर आभाळातच असतोय.