मदत हवी आहे: डाउनलोड्स फोल्डर आवरायचाय, पण डिलीट दाबायला हात धजत नाही

नमस्कार मंडळी,

घरचा लॅपटॉप आहे, विंडोज ११, एसएसडी २५६ जीबीची (दाखवतो २३८च) आणि सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीये. बघितलं तर एकटा डाउनलोड्स फोल्डरच साठ जीबीच्या वर. आता हा लॅपटॉप काही माझ्या एकट्याचा नाही, बाबा सातबारा, आठ अ काढतात, बायको शिक्षिका आहे तिची बालभारतीची पुस्तकं आणि प्रश्नपत्रिका, मुलगा काय काय उतरवतो ते त्यालाच ठाऊक, आणि सगळ्यांचं सगळं एकाच ठिकाणी येऊन पडतं कारण लॉगिन एकच, वेगळं करून दिलं की बाबा म्हणतात माझं क्रोम कुठं गेलं.

मोठ्या फाइलींचं काम सोपं निघालं. व्ह्यूमधे डीटेल्स करून साइझवर क्लिक केलं, लिनक्सची एक आयएसओ, प्रिंटरचे ड्रायव्हर, झूमचे इन्स्टॉलर, लग्नाच्या व्हिडिओची झिप जी आधीच एक्स्ट्रॅक्ट करून ठेवलीये, सगळं उडवलं. जागा झाली. पट्टी परत निळी.

खरं दुखणं बारक्या फाइलींचं आहे. पीडीएफ. जागा काहीच खात नाहीत पण कशात काय आहे कळायला मार्ग नाही, नावं बघा: डाउनलोड, डॉक्युमेंट, व्ह्यू रिपोर्ट, नाहीतर नुसते पंधरा-वीस आकडे. बँक तर दरवेळी एकाच नावाने स्टेटमेंट देते, त्यामुळे त्याच नावापुढे कंसात एक, दोन, तीन करत तेवीसपर्यंत गाडी गेलीये. ऑफिसातला एकजण म्हणाला कंसवाल्या सगळ्या कॉप्याच असतात, सिलेक्ट कर आणि उडव. मी आधी दोन उघडून बघितल्या. कंसात चार वालीत एप्रिल ते जून, कंसात पाच वालीत अख्खं आर्थिक वर्ष! म्हणजे कॉपी नाहीतच त्या.

बरं, ऑल्ट आणि पी दाबून प्रीव्ह्यू पेन लावावं तर निम्म्यांना पासवर्ड. आधारला नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमधे आणि जन्मवर्ष, २६एएसला (इन्कम टॅक्सचं टीडीएस दाखवणारं स्टेटमेंट) जन्मतारीख, बँकेचं तिसरंच काहीतरी. बाबांची की आईची हे कळल्याशिवाय पासवर्ड टाकता येत नाही आणि पासवर्ड टाकल्याशिवाय कुणाची ते कळत नाही.

तर डुप्लिकेट शोधायचं भरवशाचं काही आहे का, आणि ते विंडोजचं आपोआप साफसफाई करणारं स्टोरेज सेन्स लावून मोकळं व्हावं का? आणि हे परत असं साचू नये म्हणून तुम्ही लोक काय करता?

प्रतिसाद

स्टोरेज सेन्स टेम्पररी फाइलींसाठी लावा, पण डाउनलोड्सच्या ऑप्शनला हात लावू नका. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेजमधे आहे बघा, तिथे १, १४, ३०, ६० दिवस असं निवडता येतं आणि तेवढ्या दिवसांत न उघडलेली फाइल तो काढून टाकतो. सातबारा काय आपण रोज उघडतो का? मुळात ते 'नेव्हर'वर असतं, तसंच राहू दे.

प्रतिसाद

डुप्लिकेटसाठी डुपगुरू वापरा, फुकट आहे. कंटेंट्सवर ठेवून स्कॅन करा म्हणजे नाव न बघता आतला डेटा ताडतो, त्यामुळे तुमची एप्रिल-जून आणि वर्षाची फाइल एक धरणार नाही. पण एक लक्षात घ्या, सातबारा किंवा स्टेटमेंट दोनदा काढलं की सर्व्हर दोन्ही वेळी फाइल नव्याने बनवतो, आत वेळ वेगळी, सहीचा शिक्का वेगळा. आपल्या डोळ्याला सेम, सॉफ्टवेअरला वेगळ्या. तेवढ्या हातानेच बघाव्या लागतात, इलाज नाही.

प्रतिसाद

अहो फाइल कुणाची, कशाची यात शिरूच नका, मी एकच बघते की ही परत मिळेल का. आधार परत मिळतं, २६एएस मिळतं, बालभारतीची पुस्तकं साइटवर फुकट पडलीयेत, डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत परत निघतो आणि तसंही सोसायटी पीककर्जाला ताजाच मागते, जुना कोण घेतं. डिजिलॉकरमधे येतं ते तर ठेवायचं कारणच नाही. हे सगळं बिनधास्त काढा, पासवर्ड आठवत बसू नका.

जपायचं ते वेगळंच असतं. सोडलेल्या नोकरीचा फॉर्म १६, बंद केलेल्या खात्याची स्टेटमेंटं, कुणीतरी व्हॉट्सॅपवर पाठवलेला जुन्या खरेदीखताचा स्कॅन, आणि तुमच्या मिसेसनी टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका. हे गेलं की गेलं. आमच्याकडे मूठभरच निघालं असं. जुन्या फेरफारच्या स्कॅनचं नाव नुसतं 'आयएमजी' आणि आकडे होते, म्हणून फोटो मात्र एकेक बघा. ठेवाल त्याला नाव देताना आधी वर्ष मग महिना टाका, २०२४-०६ असं, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. आणि एक कॉपी पेनड्राइव्हवर.

प्रतिसाद

साचू नये म्हणून: विंडोजचं लॉगिन एकच राहू दे, क्रोममधे चार प्रोफाइल करा. प्रत्येक प्रोफाइलला डाउनलोडची जागा वेगळी देता येते, बाबांची 'बाबा' फोल्डरमधे, मुलाची त्याच्या. बाबांच्या प्रोफाइलला त्यांचा फोटो लावा, बरोबर त्यावरच क्लिक करतील. तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलला 'फाइल कुठे सेव्ह करायची ते आधी विचारा' हे पण चालू करा, तिथल्या तिथे नाव देता येतं. बाबांना ते लावू नका, दर फाइलला हाक मारतील.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार! ताईंची युक्ती बेस्ट, दुपारभरात निम्म्याहून जास्त काढलं आणि पासवर्ड फारसे टाकावेच लागले नाहीत. प्रोफाइलचं रात्री करतो. शेवटचं एक, ज्या ठेवायच्या आहेत त्या क्रोममधे उघडून प्रिंटमधून परत पीडीएफ म्हणून सेव्ह केल्या की पासवर्ड जातो असं दिसलं, सगळ्यांचं तसंच करून ठेवू का?

प्रतिसाद

स्टेटमेंटचं करा, स्वतःच्या रेकॉर्डला ठीक आहे. आधार आणि सातबाऱ्याचं नको. प्रिंट करून सेव्ह केलं की पासवर्डाबरोबर डिजिटल सही पण जाते, मग ती नुसती झेरॉक्स उरते. त्यांची मूळ फाइलच ठेवा आणि नावातच 'आईचं', 'बाबांचं' लिहा, पासवर्डचा घोळ तिथेच मिटतो.