मदत हवी आहे : चार प्रकल्पांच्या प्रोग्रॅमचा व्यूहात्मक फायदा मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी. सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना, महिन्याला ४० टन माल. दोन वर्षांचा प्रोग्रॅम मंजूर आहे: जुने माग काढून रेपियर (बिनधोट्याचे आधुनिक माग), डाईंगला नवी मशिनं, छतावर सोलर आणि ईआरपी (ऑर्डर, साठा, हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर). उद्दिष्ट एकच, मधल्या निर्यातदाराशिवाय परदेशी ग्राहकाला थेट विक्री. खर्च आणि तारखा एक्सेलमध्ये आहेत, पण ‘थेट निर्यातीच्या किती जवळ आलो?’ या संचालकांच्या प्रश्नाला आकडा काय द्यायचा? शिवाय सेकंड माल (दोष असलेला, कमी दरात जाणारा) सध्या ६ टक्के. मागवाले ४ टक्के कमी करणार म्हणतात, डाईंगवाले ३. बेरीज ७!

मोजपट्टी : एकच फायदा दोघांनी धरलाय. फोल्डिंगच्या टेबलावर सेकंड काढताना प्रत्येक पीसला कारणाचा कोड लावा. तुटलेला धागा, सुटलेली पाइल (टॉवेलवरचे धाग्याचे फासे) ही विणकामाची. शेडचा (रंगछटेचा) फरक, डाग डाईंगचे. वाकडं हेमिंग शिलाईचं. एका पीसला एकच कोड, मुख्य दोषाचा. समजा विणकामाचे ३.५ टक्के निघाले, तर मागांच्या प्रकल्पाला ४ मागताच येत नाहीत.

रुपये मात्र प्रोग्रॅमच्या पातळीवर एकदाच मांडा. सेकंड ६ वरून ४ वर आला की महिन्याला ८०० किलो वाचले. फर्स्ट आणि सेकंडच्या दरात किलोमागे ९० रुपये फरक धरला तर ७२ हजार. बेसलाइन (तुलनेसाठी आधीचे आकडे) १२ महिन्यांची घ्या आणि जानेवारीची तुलना जानेवारीशीच करा. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतली हजेरी इतर महिन्यांशी जुळत नाही.

उभा_आडवा : सेकंडची बचत हा झाला कामकाजाचा फायदा. संचालक विचारतायत ते पुढचं आहे. त्यासाठी साखळी कागदावर काढा: शेड एकसारखी, मग लॅब डिप (ग्राहकाला पाठवलेला रंगाचा नमुना) पहिल्या फेरीत मंजूर, डिस्पॅच वेळेत, ग्राहकाचं ऑडिट पास, थेट ऑर्डर, परत ऑर्डर. पहिले तीन आकडे लवकर हलतात, ते दरमहा दाखवा. थेट ऑर्डरचा एकूण मालातला वाटा तिमाहीला.

हा वाटा किलोत मोजा, रुपयांत नको. डॉलर वधारला किंवा सूत महागलं तरी रुपयांतली विक्री फुगते, त्यात प्रोग्रॅमचं कर्तृत्व काही नसतं. विजेचंही तसंच: बिल नको, किलोमागे युनिट. रेपियरवर युनिट वाढले तर तो तोटाही त्याच नोंदवहीत लिहा, सोलरच्या बचतीखाली झाकू नका.

आणि एक, सगळे जुने माग एकदम काढू नका. तीन महिने काही शेजारी चालू ठेवा, तेच सूत, तेच जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम वजन). फरक मागामुळे की सुतामुळे, हे तेव्हाच कळतं. रेपियरवर हात बसेपर्यंत कार्यक्षमता खाली येते, तो काळ निकालात धरू नका.

धागाकर्ता : मनापासून आभार. ईआरपीला कोणता फायदा लावू? आणि जबाबदार कोण?

मोजपट्टी : ईआरपीला स्वतंत्र रुपये लावू नका. वेळेत डिस्पॅचचा आकडा त्याच्यामुळे सुधारतो, तिथेच तो मोजला जातो. फायद्याचा धनी प्रकल्पप्रमुख नसावा. मशिनं बसली की तो मोकळा होतो आणि फायदा तर त्यानंतर वर्ष-दीड वर्ष येत राहतो. सेकंडचा धनी फोल्डिंग इन्चार्ज, वेळेचा डिस्पॅच मॅनेजर, थेट ऑर्डरचा मार्केटिंग प्रमुख. कोड लावायला मात्र याच आठवड्यात सुरुवात करा. जुने माग उतरल्यावर त्यांचा आकडा कुठून आणणार?