वकिली चालू ठेवू की नोकरी धरू? शनिवारपर्यंत कळवायचंय

कृष्णाकाठ · मंगळवार, रात्री १०.४०

मदत हवी आहे, जरा लवकर.

सनद मिळून १४ महिने झाले. सीनियर महिन्याला ४,००० देतात, तेही दोन-तीन महिन्यांचे एकदम. निम्मे पेट्रोलमध्ये जातात. काल एका कंपनीची ऑफर आली, हातात ३२,०००. शनिवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. घरचे म्हणतात, डोळे झाकून घे. सीनियर म्हणतात, पाच वर्षं कळ काढ, मग मागे वळून बघायला नको.

वकिलीत खरंच किती मिळतात आणि कधीपासून मिळायला लागतात, एवढंच सांगा. "मन सांगेल ते करा" असं कृपया लिहू नका, मन दोन्हीकडे ओढतंय.

सातबारा · रात्री १०.५२

गाव कोणतं? तालुका कोर्ट की जिल्हा? दिवाणी की फौजदारी? घरात आधी कोणी वकील आहे का? हे सांगितल्याशिवाय आकडा कसा सांगणार? एकाच वर्षी सनद घेतलेल्या दोघांत दहापट फरक मी पाहिलाय.

जुनी_बाररूम · रात्री ११.१५

मित्रा, मी १९९३ पासून जिल्हा कोर्टात आहे. पहिली दोन वर्षं सीनियरने एक पैसा दिला नाही. सकाळी त्यांच्या घरी फायली लावायच्या, अकराला कोर्ट, संध्याकाळी परत ऑफिस. पण दाव्याचा मसुदा कसा लिहायचा, उलटतपासात कुठे थांबायचं, हे त्याच दोन वर्षांत शिकलो. तुला चार हजार मिळतात आणि वर शिकायला मिळतं. नोकरीत पगार मिळेल, कोर्ट मिळणार नाही.

कातळ · रात्री ११.३१

@जुनी_बाररूम, १९९३ चे दाखले किती दिवस देणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानेच परिपत्रक काढलंय. ज्युनियरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० विद्यावेतन द्यावं. चार हजार ही फसवणूक आहे. ज्यांच्या घरी शेती किंवा वडिलांचं ऑफिस आहे, तेच या काळात टिकतात. बाकीची हुशार मुलं दोन वर्षांत बाहेर पडतात, आणि मग आपण म्हणतो की चांगले वकील मिळत नाहीत.

जुनी_बाररूम · रात्री ११.४४

परिपत्रक मीही वाचलंय. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या ठिकाणी महिन्याला चाळीस हजार मिळवणाऱ्या सीनियरने पंधरा कुठून द्यायचे?

कातळ · रात्री ११.४७

परवडत नसेल तर ज्युनियरला दिवसभर अडकवून ठेवू नये. दुपारनंतर मोकळं सोडावं, स्वतःची कामं करू द्यावीत.

उंबरठा · बुधवार, सकाळी ७.२०

माझ्या भाच्याला बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स करायचाय. पुण्यातलं जुनं कॉलेज बरं की राष्ट्रीय विधी विद्यापीठ? फी परवडेल का? धागा वकिलांचाच आहे म्हणून विचारतो.

कृष्णाकाठ · सकाळी ८.०५

कराड. दिवाणी जास्त, वाटपाचे दावे आणि मनाई अर्ज. थोडी १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची कामं. घरात कोणी वकील नाही, वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेत. आणि मी मुलगी आहे, "मित्रा" नको :)

@उंबरठा, काका, वेगळा धागा काढाल का? माझ्याकडे तीनच दिवस आहेत.

सातबारा · सकाळी ८.४०

आता बोलता येईल. माझा तालुका तुमच्यापासून फार लांब नाही, माझं सातवं वर्ष आहे. माझे खरे आकडे लिहितो, इतरांचे वेगळे असतील.

पहिलं वर्ष: सीनियरकडून ३,०००. दुसरं वर्ष: ५,००० आणि अधूनमधून एखादा जामीन. तिसऱ्या वर्षी एका सहकारी बँकेच्या पॅनलवर (ठरलेल्या वकिलांच्या यादीत) सर्चचं, म्हणजे जमिनीचा मालकीहक्क तपासायचं काम मिळालं आणि चित्र बदललं. तीस वर्षांचा सर्च, फेरफार, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्तांची सूची), सगळं बघून रिपोर्ट द्यायचा. एका रिपोर्टचे १,५०० ते २,५०० मिळायचे, महिन्याला आठ-दहा यायचे. आज सरासरी ५५ ते ६० हजार पडतात. पण ती सरासरी झाली. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी, तेव्हा १५ हजारही येत नाहीत. दिवाळीनंतर लोक वाटणीचं बोलायला लागतात, तेव्हा लाखही येतो. ठरलेली फी आणि हातात पडलेली फी यात मोठं अंतर असतं. तीस हजारांचा दावा ठरतो, दहा आगाऊ मिळतात, उरलेले "निकालावर देतो". निकाल सहा वर्षांनी लागतो.

कमाई कशावर ठरते, तर माझ्या अनुभवात सगळ्यात आधी काम कुणाकडून येतं त्यावर. बँक, पतसंस्था, बिल्डर यांचं काम नियमित येतं आणि पैसे बुडत नाहीत. एकेका पक्षकारावर चालणारी वकिली हंगामी शेतीसारखी असते.

हिशोबनीस · सकाळी ९.१०

बँकेच्या कामावर टीडीएस कापला जातो, तो सोडून देऊ नका. व्यावसायिकांना जमेच्या निम्मं उत्पन्न धरून विवरणपत्र भरता येतं, वह्या ठेवायची कटकट नाही. उत्पन्न कमी असेल तर कापलेला सगळा कर परत येतो. तीन वर्षांची विवरणपत्रं असली की घरासाठी कर्जही मिळतं. तरुण वकील हे करत नाहीत, मग बँक दारात उभं करत नाही.

मोगरा · सकाळी १०.०२

ताई, मी मुंबईत एका मोठ्या फर्ममध्ये आहे. आमच्याकडे नव्यांना वर्षाला पंधरा लाखांच्या वर मिळतात, पण ते बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून थेट घेतलेले असतात. रात्री बाराला घरी जायचं आणि दोन वर्षांत न्यायाधीशासमोर एकदाही तोंड उघडायचं नाही, असंही होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सॉलिसिटर (पक्षकार आणि कागदपत्रं सांभाळणारे) वेगळे आणि कौन्सेल (कोर्टात बाजू मांडणारे) वेगळे असतात. तिथे कौन्सेलच्या चेंबरमध्ये पहिली वर्षं तुमच्यासारखीच जातात, फक्त खोलीभाडं मुंबईचं. तेव्हा मुंबईचे आकडे ऐकून स्वतःला कमी समजू नका.

भीमथडी · सकाळी ११.३०

वकिलांची कमाई विचारता? आमच्या वाटपाच्या दाव्यात अकरा वर्षांत तीन वकील झाले. शेवटच्यांनी ४०,००० घेतले, तारखेला ज्युनियर पाठवायचे. दुसरा वकील करतो म्हटलं तर म्हणतात, राहिलेले १५ हजार द्या, मग फाइल देतो. मूळ खरेदीखत त्यांच्याकडे आहे. ग्राहक मंचात जाऊ का?

सातबारा · सकाळी ११.४८

@भीमथडी, फीसाठी फाइल अडवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय. फी राहिली असेल तर त्यांनी वसुलीचा वेगळा मार्ग धरावा. ग्राहक मंच विसरा. मे २०२४ च्या निकालानंतर वकिलाविरुद्ध तिथे तक्रार चालत नाही. आधी लेखी मागणी करा, नाही दिली तर राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करा. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

रोहिणी_ · दुपारी १.१५

@कृष्णाकाठ, दोन गोष्टी तुम्ही सांगितल्याच नाहीत. कंपनीत काम नक्की काय? पूर्णवेळ पगारी की रिटेनर, म्हणजे ठरलेल्या फीवर बाहेरून काम? आणि एआयबीई, म्हणजे बार कौन्सिलची परीक्षा झाली का?

कृष्णाकाठ · दुपारी २.२०

एआयबीई पास आहे. कंपनी कर्ज देणारी आहे, पुण्यात. पद लीगल एक्झिक्युटिव्ह, पूर्णवेळ. नोटिसा काढायच्या, १३८ च्या फिर्यादी तयार करायच्या, बाहेरच्या वकिलांशी पाठपुरावा. पीएफ वगैरे आहे. दोन वर्षं तिथे काढून पैसे साठवीन आणि जेएमएफसीची, म्हणजे कनिष्ठ स्तर न्यायाधीशाची परीक्षा देईन असा विचार आहे. अभ्यास चालूच आहे.

रोहिणी_ · दुपारी २.३४

थांबा. जेएमएफसी द्यायचंय हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, सगळं गणितच बदलतं.

२० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तरासाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची झाली. नव्या भरतीला ती अट आहे. तात्पुरत्या नोंदणीपासूनचा काळ मोजतात, म्हणजे तुमचे १४ महिने जमा आहेत. पण पूर्णवेळ पगारी नोकरीत वकिली करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम ४९. रुजू होताना सनद स्थगित करायला हवी. तुम्ही दोन वर्षांनी बाहेर पडाल तेव्हा तुमचा अनुभव १४ महिनेच असेल. फिर्याद तुम्ही तयार केलीत तरी कोर्टात कंपनीची प्रतिनिधी म्हणून साक्ष द्याल, वकील म्हणून उभ्या राहणार नाही.

आणि दाखलाही लागतो. दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाने द्यायचा, त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची सही. म्हणजे सध्याच्या सीनियरशी भांडून निघू नका.

कृष्णाकाठ · दुपारी २.५१

हे मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे निकाल माहीत होता, पण नोकरीचा काळ धरणार नाहीत हे डोक्यातच आलं नाही. तिथला एचआर म्हणाला, "सनद राहू दे, कोण विचारतंय."

रोहिणी_ · दुपारी २.५८

त्याचं ऐकू नका. न्यायाधीश व्हायचंय आणि पहिल्याच अर्जात खोटं लिहिणार? पीएफच्या नोंदीत तारखा असतात. निवड झाल्यावर ते बाहेर आलं तर सगळं जाईल. कनिष्ठ स्तराचं सुरुवातीचं मूळ वेतनच ७७,८४० आहे, वर महागाई भत्ता. ते डोळ्यांसमोर असेल तर ३२ हजारांसाठी दोन वर्षं थांबवू नका.

कातळ · दुपारी ३.२०

बोलायला सोपं आहे. परीक्षेच्या जागा किती आणि अर्ज किती? न झाली तर? तिला आज पैसे हवेत. वडील निवृत्त आहेत, वाचलं नाही का कोणी? मी स्वतः तीन वर्षांनी वकिली सोडली आणि कंपनीत गेलो. आज घर आहे, झोप लागते. कोर्टाची ओढ आहे, पण पस्तावा नाही.

जुनी_बाररूम · दुपारी ४.०५

अपघाताच्या दाव्यांत पैसा आहे. मोबदल्यावर टक्केवारी ठरवायची, एका दाव्यात वर्षाचं सुटतं. भूसंपादनातही तसंच.

सातबारा · दुपारी ४.१२

साहेब, निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मोबदल्यात वाटा घ्यायचा नाही, हा बार कौन्सिलचा नियम २० आहे. सगळीकडे चालतं हे मलाही माहीत आहे. पण जिला न्यायाधीश व्हायचंय तिला हा सल्ला देऊ नका. पाय गमावलेल्या माणसाच्या पैशातला चौथा हिस्सा वकील घेतो, हे मी पाहिलंय.

जुनी_बाररूम · दुपारी ४.४०

बरोबर आहे तुमचं. मागे घेतो. ताई, "मित्रा" म्हटलं तेही मागे घेतो.

निशिगंध · संध्याकाळी ६.१०

मुलींना कौटुंबिक न्यायालयाचं काम चांगलं जमतं. घटस्फोट, पोटगी करावी.

मोगरा · संध्याकाळी ६.२५

हे का? तिने दिवाणी सांगितलंय. बायकांकडे पोटगी आणि मोठे जमिनीचे दावे पुरुषांकडे, यामुळेच तर कमाईत फरक पडतो.

रोहिणी_ · संध्याकाळी ६.५०

मधले दोन रस्ते आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लोकअभिरक्षक कार्यालय असतं, ते गरजू आरोपींना मोफत वकील देतं. तिथे सहायकाच्या जागेला तीन वर्षांपर्यंतचा अनुभव चालतो, मानधन ठरलेलं आणि रोज फौजदारी कोर्टात उभं राहायला मिळतं. खाजगी केस घेता येत नाहीत. साताऱ्याची जाहिरात बघत राहा. दुसरं म्हणजे, याच कंपनीला विचारा की नोकरीऐवजी कराड-साताऱ्याची १३८ ची कामं पॅनल वकील म्हणून देतील का. पगार नाही, केसमागे फी. मग नियम ४९ येत नाही.

आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच चालू झालंय, सातारा जिल्हा त्यातच येतो. मुंबईला जाणारी अपिलं आता तुमच्यापासून दीड तासावर चालतात. तिथल्या वकिलांना दिवाणी कागद वाचता येणारे ज्युनियर हवे आहेत. सीनियरना सांगून आठवड्यातून दोन दिवस तिकडे जाता येतं का बघा.

कृष्णाकाठ · शुक्रवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. काल सीनियरशी बोलले. बोलताना आवाज कापत होता, पण बोलले. परिपत्रक दाखवलं नाही, घरचा खर्च सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, महिन्याच्या एक तारखेला ८,००० देईन, दुपारी तीननंतर तू तुझी कामं कर. पतसंस्थेचे सर्च तुझ्या नावाने द्यायला सांगतो म्हणाले. अनुभवाच्या दाखल्याचंही हो म्हणाले.

कंपनीला पॅनलबद्दल मेल केला होता. आज उत्तर आलं: पॅनलसाठी पाच वर्षांचा अनुभव लागतो, नोकरीचं काय ते उद्या सांगा. उद्या नाही कळवणार आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

@सातबारा, पहिला सर्च सोमवारी हातात येईल. ई-सर्चवर जुनी वर्षं दिसत नसतील तर दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज कसा करायचा?

सातबारा · रात्री ९.४८

गाव, गट नंबर, जुना सर्व्हे नंबर, आणि कोणत्या वर्षापासून हवं ते अर्जात लिहा, शोध फी भरून पावती घ्या. सूचीची पुस्तकं स्वतः उघडून बघा, तिथल्या माणसाने "काही नाही" म्हटलं तरी. पान फाटलेलं असेल तर रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहा. पहिला रिपोर्ट सहीआधी मला पाठवा, नावं झाकून. मी वाचतो.