प्रति: कॅल्शियम घ्या, पण कधी?
‘एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या) गोळ्या हाडं पोखरतात, त्या थांबवून कॅल्शियम घ्या’ हे वरचं म्हणणं अर्धंच पटलं. त्यातल्या टेनोफोव्हिर या औषधाच्या जुन्या प्रकाराने पहिल्या एक-दोन वर्षांत हाडांची घनता २ ते ६ टक्के उतरते, हे खरं. पण पुढे ती बहुधा स्थिरावते, आणि विषाणू मोकाट सुटला तर तोही हाडं झिजवतोच. गोळ्या थांबवायच्या नाहीत.

कॅल्शियम कधी घ्यायचं, हे मात्र कुणीच लिहिलं नाही. माझा मामा, वय ५४, कसब्यातल्या वाड्याच्या ओल्या जिन्यावरून घसरला, तेही शेवटच्या दोन पायऱ्यांवरून, आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्यांनी कॅल्शियम लिहून दिलं, चालू औषधं विचारली नाहीत. (मामानेही सांगितली नाहीत. वाड्यात भिंतींना कान!) तो पहाटे उपाशीपोटी टीएलडी (एचआयव्हीवरची तीन औषधं एकत्र असलेली गोळी) आणि कॅल्शियम एकाच घोटात गिळायचा. टीएलडीतलं डोल्युटेग्राव्हिर हे औषध कॅल्शियमला चिकटतं, नीट अंगी लागत नाही. उपाशीपोटी घ्यायचं तर ते कॅल्शियमच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. जेवणासोबत दोन्ही एकत्र चालतात. एआरटी सेंटरच्या ताईंनी डबीच्या झाकणावर पेनाने ‘जेवताना’ असं लिहून दिलं. आता दोन्ही वरणभाताबरोबर.